सोळा स्प्रिंगा आणि दोन पातळ शिमा

"काका, अजून कडक स्प्रिंगा टाकू या." गाडीतून उतरल्या उतरल्या त्या मुलाने एवढंच सांगितलं आणि किल्ली माझ्या हातात दिली.

सोळा व्हॉल्व्हचं, डबल कॅमचं, १६०० सीसीचं पेट्रोल इंजिन. दुसरीकडे कुठेतरी हेड, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, उतरवून सीट कटिंग झालं होतं, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकून मिटतो त्या कडा कापून नीट केल्या होत्या. त्याच कामात मोठे कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणारे फिरते दांडे, आणि जास्त ताकदीच्या स्प्रिंगा बसवल्या होत्या. तेव्हापासून ६७०० आरपीएमला गाडी मिसिंग करायची, झटके द्यायची. प्लग बदलून झाले, कॉइल बदलून झाल्या, ईसीयूचं, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचं, ट्यूनिंगही दोनदा झालं. शेवटी कोणीतरी स्प्रिंगांवर बोट ठेवलं.

शंका रास्त होती. व्हॉल्व्ह उघडतो कॅम, पण बंद होताना त्याला कॅमच्या अंगाला चिकटवून ठेवते ती फक्त स्प्रिंग. इंजिन ७००० आरपीएमवर असतं तेव्हा कॅम मिनिटाला ३५०० वेळा फिरतो, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५८ वेळा उघडून मिटतो. यासाठी लागणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ६००० वरून ७००० ला गेलं तर वेग सतरा टक्क्यांनी वाढतो, पण जोर छत्तीस टक्के जास्त लागतो. तो कमी पडला की बकेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकावरची टोपी, कॅमच्या नाकावरून, म्हणजे त्याच्या उंचवट्यावरून, सुटते आणि व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नाही. सीटवर आपटून पुन्हा उसळतो. मग मिसिंग होणारच.

तरीही 'अजून कडक' हे उत्तर मला पटत नाही. स्प्रिंगचा प्रत्येक जादा किलो कॅमच्या नाकावर आणि बकेटच्या तोंडावर येतो. तेलाचा थर तिथेच सर्वांत पातळ असतो. नुसत्या भीतीपोटी घातलेल्या कडक स्प्रिंगांनी खाल्लेले कॅम मी पाहिले आहेत; नाक घासून बोथट झालेलं.

म्हणून आधी हेड उतरवलं. सोळाही स्प्रिंगा काढल्या आणि टेस्टरवर एकेक दाबत गेलो. स्प्रिंगांच्या कार्डावर लिहिलं होतं: ३४ मिलिमीटर उंचीला २७ किलो, पुढे दर मिलिमीटरला साडेतीन किलो. सोळाच्या सोळा स्प्रिंगा २७ च्या आसपास, एका किलोच्या आत. पूर्ण मिटून वेढ्याला वेढा टेकण्याची उंची २१.८. कॅमची लिफ्ट, म्हणजे तो व्हॉल्व्ह जेवढा उघडतो ते माप, १०.८, म्हणजे पूर्ण उघडल्यावर स्प्रिंग २३.२ वर येणार आणि वेढ्यांत १.४ मिलिमीटर जागा उरणार. हिशोबात कुठेच खोट नव्हती. स्प्रिंगा निर्दोष होत्या आणि मी तासभर नुसता त्या हेडकडे बघत बसलो.

मग ब्लॉककडे वळलो. तिसऱ्या पिस्टनच्या माथ्यावर, एक्झॉस्टच्या, म्हणजे जळलेला वायू बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या, बाजूच्या खाचेत, काजळी नखाएवढ्या चंद्रकोरीत खरवडलेली होती. खाली ॲल्युमिनियम चमकत होतं. शेजारच्या खाचेतही तसंच, जरा फिकट. ते पाहून पोटात गोळा आला. व्हॉल्व्ह पिस्टनला लागला होता. आणखी शंभर-दोनशे आरपीएम वर नेली असती, तर व्हॉल्व्हचं डोकं तुटून सिलिंडरमध्ये पडलं असतं.

पण चारांपैकी याच सिलिंडरमध्ये, आणि तेही फक्त एक्झॉस्टलाच का? कॅम तोच, स्प्रिंगा त्याच.

उत्तर शिमांच्या ट्रेमध्ये होतं. बकेटखालच्या शिमा, म्हणजे गॅप जुळवायच्या चकत्या, माझा मदतनीस काढल्या क्रमाने मांडून ठेवतो, त्या सवयीचे उपकार आहेत. त्या मायक्रोमीटरने मोजताना लक्षात आलं की तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टच्या दोन शिमा बाकीच्यांपेक्षा फारच पातळ आहेत. एवढी पातळ शिम कधी लागते? व्हॉल्व्हचं वरचं टोक जास्त बाहेर आलेलं असतं तेव्हा. आणि टोक बाहेर येतं सीट खोल कापली गेली की. व्हॉल्व्ह हेडमध्ये आत रुततो आणि दांडा वर सरकतो. ज्याने हे काम केलं त्याने शिम पातळ टाकून टॅपेटचा, म्हणजे कॅम आणि बकेटमधला, गॅप बरोबर आणला आणि गोष्ट तिथेच झाकली गेली. दांड्याबरोबर रिटेनरही, म्हणजे स्प्रिंगला वरून धरणारी वाटीही, वर सरकतो, हे मात्र कोणी मोजलं नाही.

स्प्रिंग काढून तिच्या जागी उंची मोजायचा गेज लावला. बाकी चौदा ठिकाणी ३४ ते ३४.३. त्या दोन ठिकाणी ३५.४. स्प्रिंगला १.४ मिलिमीटर जादा जागा मिळाली होती. साडेतीनने गुणलं की जवळपास पाच किलो गेले. २७ ची स्प्रिंग सीटवर २२ च देत होती. रुतलेला व्हॉल्व्ह पिस्टनपासून तेवढाच लांब असतो, म्हणून काजळी खरवडण्यावर निभावलं. ज्या चुकीने व्हॉल्व्ह कॅमवरून सुटून तरंगू लागला, तिनेच त्याला वाचवलंही.

मुलाला बोलावून गेज दाखवला. "मग कार्डावरचे २७ किलो खोटे?" त्याने विचारलं. खोटे नव्हते. ते ३४ ला होते, आणि ही स्प्रिंग ३४ ला बसलीच नव्हती. आकडा कुठे उभं राहून मोजलाय हे माहीत नसेल, तर त्या आकड्याला माझ्या टेबलावर जागा नाही.

हेच बोलत असताना त्याच्या इतर तक्रारी बाहेर आल्या. ३००० च्या खाली पिकअप नाही. आयडलिंग वरखाली होतं. थांबता थांबता ब्रेकचं पेडल कडक लागतं. ही लक्षणं स्प्रिंगची नव्हेत, ही कॅमची. हेच कॅम का घेतले, असं विचारल्यावर त्याने फोनवर दोन कार्डं काढून दाखवली. "मूळ कॅमचं ड्युरेशन २४८ अंश. एक पर्याय २३२ चा होता, तो मूळपेक्षाही लहान. म्हणून २८८ चा घेतला."

ड्युरेशन म्हणजे व्हॉल्व्ह किती अंश फिरेपर्यंत उघडा राहतो ते माप. मी फोन हातात घेऊन कार्ड मोठं करून पाहिलं. २३२ च्या खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: १ मिलिमीटर लिफ्टवर. २४८ आणि २८८ हे आकडे व्हॉल्व्ह सीटवरून जेमतेम हलतो तिथपासूनचे. त्याच मापाने तो नाकारलेला कॅम २६४ चा होता, मूळपेक्षा चांगला सोळा अंशांनी मोठा.

कागदावर ओव्हरलॅप काढून दाखवला, म्हणजे हवा आत घेणारा इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहतात तो काळ. मूळ कॅमला २४ अंश, २६४ ला ४४, आणि त्याच्या २८८ ला ६८. एवढ्या ओव्हरलॅपला हळू फेऱ्यांत जळलेला वायू उलटा इनटेकमध्ये शिरतो आणि व्हॅक्यूम, म्हणजे इनटेकमधली ओढ, पडतो. पायाचा जोर वाढवणारा ब्रेकचा बूस्टर त्याच व्हॅक्यूमवर चालतो, म्हणून पेडल कडक. शिवाय इनटेक उशिरा मिटतो. पिस्टन वर यायला लागला तरी दार उघडंच, भरलेली हवा परत बाहेर. कॉम्प्रेशन वाढवलेल्या, सतत वरच्या फेऱ्यांत पळणाऱ्या इंजिनाला हे चालतं. याची गाडी महिन्यातून एकदा ट्रॅकवर आणि उरलेले दिवस रहदारीत.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "२६४ चे मागवतो."

पुढचं काम सरळ होतं. त्या दोन सीट काढून नव्या दाबून बसवल्या, पिस्टनला लागलेले दोन्ही व्हॉल्व्ह बदलले, आणि स्प्रिंगांखाली जिथे लागल्या तिथे पातळ वॉशर घालून सोळाही उंच्या ३४ वर आणल्या. स्प्रिंगा जुन्याच ठेवल्या, २६४ च्या कॅमच्या ९.८ लिफ्टला त्या पुरून उरतात. व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर पाहायला पिस्टनवर मातीचे गोळे ठेवून हेड बसवलं, हाताने क्रँक दोन फेरे फिरवला, हेड उचललं आणि दबलेली माती ब्लेडने कापून मोजली. इनटेकला २.४, एक्झॉस्टला २.९ मिलिमीटर. दोन आणि अडीचच्या खाली मी जात नाही.

इंजिन चालू केल्यावर त्याला आयडलिंगवर न सोडता २००० आरपीएमवर वीस मिनिटं धरलं. नव्या कॅमला आणि बकेटला एकमेकांवर बसायला भरपूर तेल लागतं, आणि हळू फेऱ्यांत ते पुरेसं उडत नाही. ती वीस मिनिटं मी हेडवर हात ठेवून उभा असतो. प्रत्येक वेळी. कान फक्त टॅपेटकडे.

मग मुलाने गाडी बाहेर नेली. तो परत आला तेव्हा आयडलिंग एका जागी स्थिर होतं. "७००० पर्यंत गेली, काका," तो म्हणाला, "आणि सिग्नलला ब्रेक लावला तर पेडल मऊ." २८८ चे कॅम मी तेलाच्या कागदात गुंडाळून, त्यांच्या डब्यात घालून त्याच्या डिकीत ठेवले होते. त्याने डबा उघडला, खिशातून मार्कर काढला आणि झाकणावर ड्युरेशनच्या आकड्यापुढे 'सीटपासून' असं लिहिलं.