गोलपोस्टमागे किती मीटर?

नव्या स्टेडियममध्ये शिरलो की मी आधी गोलपोस्टच्या मागच्या बाजूला जातो आणि तिथून गोलरेषा किती लांब पडते ते नजरेनं मोजतो. धंदा कास्टिंगचा, म्हणजे धातूच्या ओतकामाचा, त्यामुळं मापाची सवय अंगात मुरलेली आहे.

गणित सोपं आहे. फुटबॉलचं मैदान 105 बाय 68 मीटर. त्याच्याभोवती धावण्याचा 400 मीटरचा ट्रॅक आखला, की ट्रॅकच्या आतली लांबी होते साधारण 157 मीटर. त्यातून 105 वजा करा. दोन्ही टोकांना 26-26 मीटर मोकळे उरतात. त्यावर आठ लेनचे जवळपास दहा मीटर. म्हणजे गोलच्या बरोबर मागं पहिल्या रांगेत बसलेला माणूससुद्धा गोलरेषेपासून 36 मीटर लांब. पेनल्टी मारतात 11 मीटरवरून. तुम्ही त्याच्या तिप्पट अंतरावर बसून गोलकीपरचा चेहरा कसा वाचणार?

मी मंगळवार पेठेतला, पाटाकडील तालमीचा. फुटबॉल बघायला शिकलो ते कोल्हापूरच्या शाहू स्टेडियममध्ये. आमच्याकडं संघ म्हणजे कुणी मालक नव्हे, पेठ आणि तालीम. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार. जिथं आजोबांनी लाल मातीत अंग घासलं, तिथलीच नातवंडं बूट बांधून मैदानात उतरतात. पाटाकडील आणि शिवाजी यांची मॅच असली की दुपारपासून पेठा रिकाम्या होतात आणि लोक चालत स्टेडियम गाठतात. चालत, हे महत्त्वाचं. हातात भडंगाची पुडी, डोक्यावर रुमाल, आणि समोर खेळणारा पोरगा आपल्याच गल्लीतला. त्यानं सोपा पास चुकवला तर त्याला ऐकू जाईल अशा अंतरावर त्याचे काका बसलेले असतात. या प्रेमाचं कधी कधी हुल्लडबाजीत रूपांतर होतं, मॅच थांबतात, पोलिस बंदोबस्त वाढतो. त्याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्यात नुकसान होतं ते खेळणाऱ्या पोरांचं. याच शहरातला अनिकेत जाधव 2017 ला सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. त्या आठवड्यात पेठेत दुसरा विषय नव्हता.

शिरोलीच्या एका फौंड्रीत मी विक्री बघतो. ऑर्डर, तक्रार, वसुली, यासाठी पुणे, बेंगळुरू, कोइमतूर, हावडा अशी फिरती असते. गेल्या गावात मॅच असेल तर परतीचं तिकीट एक दिवस पुढं. काही गावांना मात्र फक्त मॅचसाठी, रजा टाकून गेलो. एवढं हिंडल्यावर माझं एक ठाम मत झालंय. मैदान शहराच्या पोटात हवं आणि प्रेक्षक रेषेला चिकटून हवा. बाकी खुर्च्यांचा रंग, मोठा पडदा, गाण्यांचा आवाज, सगळं नंतर.

पुण्याचं बालेवाडी 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलं. ॲथलेटिक्ससाठी ते उत्तम आहे, आणि ते ॲथलेटिक्ससाठीच आहे. एफसी पुणे सिटी तिथं खेळायची तेव्हा मी जायचो. गोल झाला की तो आधी दिसायचा आणि मग कळायचा. बेंगळुरूच्या कांतीरवालाही ट्रॅक आहे, पण तिथली वेस्ट ब्लॉकची मंडळी, म्हणजे बेंगळुरू एफसीचे कट्टर समर्थक, नव्वद मिनिटं उभ्यानं गातात आणि अंतर बरंचसं कापतात. तरी बेंगळुरूत वेळ असेल तर मी सांगेन, गरुडा मॉलजवळच्या जुन्या फुटबॉल स्टेडियमवर कर्नाटकच्या लीगची मॅच बघा. छोटं मैदान, पायऱ्यांवर निवृत्त झालेले जुने खेळाडू, आणि एकेका पोराबद्दल त्यांची बारीक मतं.

माझ्या मताला धक्का दिला तो कलकत्त्यानं. सॉल्ट लेकचं स्टेडियम 1984 चं. ट्रॅक आहे, अंतर आहे, वरच्या मजल्यावरून खेळाडूंचे नंबर वाचता येत नाहीत. आणि याच ठिकाणी 13 जुलै 1997 ला फेडरेशन कपच्या सेमीफायनलला 1,31,781 माणसं आली होती. ईस्ट बंगालनं मोहन बागानला 4-1 नं हरवलं, भाईचुंग भुतियाची हॅटट्रिक. आता खुर्च्या बसवल्यानं क्षमता कमी झाली आहे, पण याच दोघांच्या डर्बीच्या दिवशी तिथं बसलो तेव्हा पायाखालचं काँक्रीट हललेलं मला तळव्यांना जाणवलं. हिरवा-मरून एका अंगाला, लाल-सोनेरी दुसऱ्या अंगाला. शेजारचे काकू (तिथं काकांना काकू म्हणतात) मोहन बागानचे. ईस्ट बंगाल जिंकली तर घरी इलिश (हिलसा मासा), मोहन बागान जिंकली तर चिंगडी (कोळंबी), हे त्यांनी मला एवढ्या गांभीर्यानं समजावलं की मध्यंतरात मी चहासाठीही उठलो नाही. तेव्हा मान्य करतो, एवढी माणसं एवढ्या ओढीनं आली तर 36 मीटरसुद्धा भरून निघतात. पण असं शहर देशात एकच आहे. त्याच्याकडं बघून बाकीच्यांनी स्टेडियम बांधू नयेत.

खरं कलकत्ता मात्र ‘मैदान’ नावाच्या तिथल्या मोकळ्या परिसरात आहे. ईडन गार्डन्सच्या आजूबाजूला मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहम्मेडन यांची आपापली मैदानं, पलीकडं फोर्ट विल्यमची मोकळी जागा. पावसाळ्यात इथं कलकत्ता लीगच्या मॅच दुपारी होतात. हावड्याची कामं मी म्हणूनच जुलै-ऑगस्टात काढतो. हावड्याच्या फौंड्रीवाल्यांशी सकाळी भाव आणि माल बोलायचा, मग फेरीनं हुगळी ओलांडून मैदान गाठायचं. मैदानावर चिखल, पायरीवर पाणी, हातात मातीच्या कुल्हडातला चहा, आणि अर्ध्या गॅलरीवर छत्र्या उघडल्या की मागच्यांचा आरडाओरडा. 29 जुलै 1911 ला मोहन बागाननं ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 नं हरवून आयएफए शील्ड जिंकली, ती याच परिसरात. बागानच्या अकरांपैकी दहा जण अनवाणी खेळले होते. गर्दी एवढी की लांब उभ्या असलेल्यांना पतंग उडवून गोल कळवले, असं सांगतात. मला ते पतंगवाले फार जवळचे वाटतात. मॅच दिसत नसली तरी ती मंडळी तिथून हलली नाहीत.

आपल्या मुंबईत असं अंगाला लागून असलेलं मैदान म्हणजे कूपरेज. चर्चगेटला उतरायचं, ओव्हलच्या कडेनं चालायचं, पोचलात. 1891 ला सुरू झालेला रोव्हर्स कप इथं गाजला. सुरुवातीची वर्षं सगळी गोऱ्या पलटणींची. 1937 ला बंगलोर मुस्लिम्सनं तो जिंकला आणि पहिल्यांदा भारतीय संघाच्या हातात गेला. पुढं मफतलाल, ऑर्के मिल्स, टाटा, महिंद्रा अशी कंपन्यांची नावं या मैदानावर खेळली. महिंद्रा युनायटेडनं 2005-06 ला नॅशनल फुटबॉल लीग जिंकली, आणि 2010 ला तो संघ बंद झाला. रोव्हर्सही बंद पडला. मला त्याची हळहळ वाटते, आणि ती वाटायलाच हवी. शंभराहून जास्त वर्षांची स्पर्धा जाते तेव्हा एका शहराची दुपार जाते.

मुंबई एफसीच्या काळात मी कूपरेजला बऱ्याचदा गेलो. स्टँडमधून प्रशिक्षक खालिद जमील यांच्या सूचना जशाच्या तशा ऐकू यायच्या. हेच जमील 2016-17 ला मुंबईहून मिझोरामला, ऐजॉलला गेले. आदल्या मोसमात खालच्या श्रेणीत ढकललेला संघ, गोव्याचे क्लब बाहेर पडले म्हणून पुन्हा आत घेतलेला. तो संघ आय-लीग, म्हणजे देशाची लीग, जिंकला! 22 एप्रिलला घरच्या मैदानात झोहमिंगलियाना राल्तेच्या गोलवर मोहन बागानला 1-0 नं हरवलं, आणि 30 एप्रिलला शिलाँगमध्ये लाजोंगशी 1-1 बरोबरी करून चषक नेला. त्याच मोसमात इकडं मुंबई एफसी तळाला राहिली. हे दोन्ही निकाल एकाच तक्त्यात वाचले त्या रात्री मी ठरवलं, ऐजॉल बघायचं.

मिझोरामला जायला इनर लाइन परमिट लागतं. लेंगपुई विमानतळावरून टॅक्सी वळणं घेत घेत वर चढते. अख्खं शहर डोंगराच्या कण्यावर. सपाट जागा म्हणून मिळत नाही, आणि मिळाली की तिथं पोरं बॉल घेऊन आलेली. मुआलपुईचं राजीव गांधी स्टेडियम हे असंच डोंगर कापून बसवलेलं. गर्दी लाल जर्सीत, बायका-मुलींची संख्या मी इतर कुठंही पाहिली नाही एवढी. शिवीगाळ जवळजवळ नाही. पंचांचा निर्णय पटला नाही की एक लांब हुंकार उठायचा आणि विरायचा. कोल्हापूरच्या माणसाला हे नवीन होतं. शहरभर हॉर्नही फारसे वाजत नाहीत, आणि रविवारी सगळं बंद, लोक चर्चमध्ये. बाहेर मिळालेल्या भातावर आणि ‘बाई’ नावाच्या उकडलेल्या भाज्यांच्या मिझो पदार्थावर मी दोन वेळा काढल्या आणि मजेत काढल्या.

पण रेषेला चिकटून बसणं म्हणजे काय, हे खऱ्या अर्थानं कळतं मलप्पुरमला. कोकण रेल्वेनं तिरूरला उतरायचं आणि पुढं बस. पावसाळा संपून भाताची कापणी झाली की मे महिन्यापर्यंत तिथं सेव्हन्सचा मोसम. सात-सात जणांचा खेळ, लहान मैदान, रात्रीचे दिवे. गॅलरी तात्पुरती, बांबू आणि सुपारीच्या खोडांची, दोरांनी बांधलेली. पहिल्या ओळीतल्या माणसानं पाय लांब केला तर तो रेषेवर येतो. थ्रो घ्यायला आलेल्या खेळाडूच्या घामाचा वास येतो. आफ्रिकेतून आलेले खेळाडू इथं एकेका मोसमासाठी करारावर खेळतात आणि गावातली लहान पोरं त्यांना नावानं हाका मारतात. माझ्या शेजारचे इक्का (तिथं मोठ्या भावाला इक्का म्हणतात) मिस्त्रीकाम करणारे होते, आखातात बरीच वर्षं काढून परतलेले. त्यांनी मला शेंगदाणे दिले, मी भडंग दिलं. भाषा जुळत नव्हती. तरी प्रत्येक चालीवर त्यांची कोपरखळी माझ्या बरगडीत बसत होती आणि ती कशासाठी हे मला नेमकं समजत होतं.

त्याच जिल्ह्यात, मंजेरीच्या पय्यनाड स्टेडियममध्ये, 2 मे 2022 ला संतोष ट्रॉफीची फायनल झाली. केरळ विरुद्ध बंगाल. रमजानचे शेवटचे तास, दुसऱ्या दिवशी ईद. मॅच रात्री आठची, म्हणजे रोजा सोडून लोक सरळ मैदानात. जागा संपायची वेळ झाली तरी रांगा सरत नव्हत्या. नव्वद मिनिटं कोरी. जादा वेळेत बंगालनं गोल केला आणि एवढं मोठं मैदान गप्प झालं. मग 116 व्या मिनिटाला सफनादचं हेडर. पुढं पेनल्टीवर केरळ 5-4. राज्यांच्या स्पर्धेला, ज्यात परदेशी नाव नाही, मोठा पगार नाही, एवढी माणसं येऊ शकतात हे मी डोळ्यांनी बघितलं म्हणून सांगतो. ‘लोकांना फक्त युरोपचा फुटबॉल लागतो’ असं कुणी म्हणालं की मी वाद घालतो.

गोव्याबद्दल थोडक्यात, कारण तिथं आमची निम्मी पेठ जाऊन आलेली आहे. फातोर्डा स्टेडियम 1989 चं, मडगावला, बाहेर गाड्यांवर रस-ऑम्लेट आणि चोरिस-पाव. 20 डिसेंबर 2015 ची आयएसएल (इंडियन सुपर लीग) फायनल तिथं झाली. एफसी गोवा शेवटच्या मिनिटापर्यंत 2-1 नं पुढं, आणि मग चेन्नईयिननं 3-2 केलं. त्या रात्री आंबोलीचा घाट चढताना गाडीत कुणीही बोललं नाही, आणि आमच्यातला कुणीही गोव्याचा नव्हता.

अलीकडं कट्ट्यावर विषय निघतो, कोल्हापूरला मोठं, शहराबाहेर, हायवेला लागून स्टेडियम पाहिजे. पार्किंगला जागा होईल, म्हणतात. माझं म्हणणं उलट आहे. पेठेतनं चालत जाता येणार नाही अशा जागी फुटबॉल नेऊ नका. शाहू स्टेडियमला चांगले दिवे द्या, बायकांना निवांत बसता येईल अशी जागा आणि स्वच्छतागृहं द्या, गवत जपा. गर्दी आणायचा प्रश्न कोल्हापूरला कधीच पडलेला नाही.

सुरुवात करायची असेल तर आयएसएलच्या तिकिटापासून करू नका. दिवाळीत गडहिंग्लजकडं पाहुण्यांत जाणार असाल तर एम. आर. हायस्कूलच्या मैदानावर स्पर्धा असते, बाहेरगावचे तगडे संघ येतात. फराळ आटपून दुपारीच जागा धरा, सावलीची बाजू आधी भरते. मी तिथं असेनच, भडंग माझ्याकडून.