बाबांसाठी माणूस ठेवण्याआधी कोर्टाच्या नोंदी शोधल्या

मार्चमध्ये बाबांना अर्धांगाचा झटका आला. आई 78 वर्षांची, इंदूरच्या रामबागेतल्या घरात ती दोघंच. मी सुदामानगरहून रोज जा-ये करत होते, पण रात्री बाबांना उठवायला-बसवायला दणकट माणूस हवाच होता. ओळखीतून एक जण मिळाला, धार जिल्ह्यातल्या मनावरकडचा, 31 वर्षांचा. पहिल्याच दिवशी बाबांनी त्याच्या हातून मुकाट्याने पेज घेतली. तरी दोन म्हातारी माणसं आणि रात्रभर घरात परका माणूस, मला झोप लागेना. त्याला सांगूनच आधार कार्डाची झेरॉक्स घेतली आणि शोधायला बसले.

माझी समजूत होती की नाव टाकलं की माणसाचा सगळा हिशेब समोर येतो. तसं एकच दफ्तर आपल्याकडे लोकांसाठी उघडं नाही. देशभरातली ठाणी जोडणारी सीसीटीएनएस ही यंत्रणा पोलिसांच्या वापराची. तुमच्या-माझ्या हातात ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावरची प्रकरणं आणि राज्य पोलिसांच्या पोर्टलवरच्या एफआयआर.

ई-कोर्ट्सवर राज्य, जिल्हा, मग न्यायालयाचं संकुल निवडायचं, पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकायचं, चालू आणि निकाली दोन्ही मागायची. सगळा वेळ इथेच जातो. एका वेळी एकच संकुल, एकच वर्ष. इंदूर धुंडाळून मनावरची केस दिसत नाही. त्यात नाव इंग्रजी अक्षरांत, आणि कारकुनाने ते कसं टाइप केलंय त्यावर सगळं अवलंबून. त्याच्या नावाची तीन स्पेलिंगं करून मी 2015 पासून एकेक वर्ष घेतलं. दोन संध्याकाळी त्यात गेल्या.

दुसऱ्या संध्याकाळी इंदूरच्या यादीत ‘म.प्र. शासन विरुद्ध’ आणि पुढे त्याचं नाव. कलम 381. म्हणजे नोकराने मालकाच्या घरात केलेली चोरी, भारतीय दंड संहितेत सात वर्षांपर्यंत शिक्षा. प्रकरण अजून चालू. माझे हातपाय गार पडले. रात्री साडेदहाला पुण्याला भावाला फोन केला, तो म्हणाला, उद्याच काढून टाक. आईला सांगितलं. ती काही बोलली नाही, हातातल्या पाटल्या काढल्या आणि माझ्या पिशवीत ठेवल्या. आतल्या खोलीत तो बाबांची कूस बदलत होता.

सकाळी शेजारच्या वकीलकाकांकडे गेले. त्यांनी एवढंच विचारलं, “बापाचं नाव बघितलंस?”

मी बघितलंच नव्हतं. आपल्या माळव्यात कागदोपत्री माणूस ‘अमुक पिता तमुक’ असाच लिहिला जातो, हे जन्मापासून माहीत असून. ई-कोर्ट्सच्या यादीत नुसतं नाव होतं. पण प्रकरण उघडलं की ठाणं, एफआयआरचा क्रमांक आणि वर्ष मिळतं. ते घेऊन आम्ही मध्य प्रदेश पोलिसांच्या पोर्टलवर गेलो. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितल्यापासून एफआयआर साधारण 24 तासांत संकेतस्थळावर टाकावी लागते. लैंगिक गुन्हे, दहशतवाद अशी संवेदनशील प्रकरणं तेवढी वगळतात. आमची एफआयआर सापडली. आरोपीच्या रकान्यात पित्याचं नाव वेगळं, गाव वेगळं. तो हा नव्हताच.

मी एका रात्रीत त्याला चोर ठरवलं होतं, आणि आईच्या मनातही ते घातलं होतं. याचं मला अजून वाईट वाटतं.

काका म्हणाले, आता अर्धवट सोडू नकोस. मनावरच्या संकुलात 2019 चं एक प्रकरण निघालं. कलम 323 आणि 506, मारहाण आणि धमकी. इथे पित्याचं नाव जुळलं. हा तोच. निकाली, आणि आदेशात ‘राजीनामा’. आपल्या मराठीत राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं, इथल्या कोर्टाच्या हिंदीत तो समझोता. अशा समझोत्याचा कायद्यातला परिणाम निर्दोष सुटण्याइतकाच असतो, हे मला काकांकडून कळलं. (1 जुलै 2024 पासूनचे गुन्हे दंड संहितेऐवजी नव्या भारतीय न्याय संहितेखाली येतात, कलमांचे आकडे बदललेत. 381 चं आता 306 झालंय. जुनी-नवी दोन्ही प्रकरणं बघताना हे ध्यानात ठेवा.)

दुपारी त्याला समोर बसवून विचारलं. तो क्षणभर जमिनीकडे बघत राहिला. मग म्हणाला, “दीदी, मेड का झगड़ा था, काका से।” शेताच्या बांधावरून त्याची चुलत्याशी जुंपली होती. तारखांना दोघं एकाच बसने जायचे, शेवटी मिटवलं. आता एकाच विहिरीचं पाणी दोन्ही शेतांना जातं.

381 बद्दलही सांगितलं, आणि माफी मागितली. तो म्हणाला, त्याच्या नावाचे त्याच्याच गावात चार जण आहेत.

घरकामाच्या माणसाची माहिती पोलीस पोर्टलवर भरता येते, तीही त्याच्यासमोर भरली. ते करायलाच हवं, माणूस कितीही आवडला तरी. संध्याकाळी मी निघताना आईने पाटल्या मागून घेतल्या आणि तिथेच, त्याच्यासमोर, हातात चढवल्या.