पिसूचे २,१७२ वंशज

मला नावांच्या याद्या वाचायचा नाद आहे. देवळात गेलो की देवाच्या आधी पायऱ्यांवरच्या फरश्या वाचून होतात. कै. अमुक यांच्या स्मरणार्थ, रुपये १०१. जिन्याखालचा सोसायटीचा नामफलक, शाळेच्या भिंतीवर डकवलेली मतदारयादी, पेपरातल्या श्रद्धांजल्या, काही म्हणून सुटत नाही. बायको म्हणते, "तुम्हाला आंदण म्हणून टेलिफोन डिरेक्टरीच द्यायला हवी होती."

डिरेक्टरीचे दिवस गेले. गेल्या पावसाळ्यात रद्दीवाल्याकडून ६० रुपयांना एक जुनं 'पवित्र शास्त्र', म्हणजे मराठी बायबल, आणलं आणि माझी सोय झाली. त्यात 'पहिला इतिहास' नावाचं पुस्तक आहे. त्याची सुरुवात अशी: आदाम, शेथ, अनोश. झाली पहिली ओळ. क्रियापद नाही, कुणी कुणाचा कोण हेही नाही. पुढे नऊ अध्याय मुख्यतः हाच कारभार. भाविक लोकसुद्धा इथे पानं उलटतात म्हणे. वाचणाऱ्याला उलटता येतात, भाषांतर करणाऱ्याला नाही. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल एकहाती मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या आणि पुस्तक १९२४ मध्ये छापून निघालं. केडगावात कंदिलाच्या उजेडात त्या या नऊ अध्यायांशी किती संध्याकाळी झुंजल्या असतील, हे माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

एक मात्र आहे. त्यांना या नावांचे अर्थ दिसत असणार. आपण 'योनाथान' वाचतो आणि पुढे जातो. हिब्रू कळणाऱ्याला ते 'देवाने दिला' असं चक्क वाक्य ऐकू येतं. म्हणजे आपला देवदत्तच. मी फोनवर हिब्रू कोश उघडून बसू लागलो आणि यादीतली माणसं एकेक करून बोलायला लागली.

देवाची नावं पुष्कळ आहेत, पण माझं मन रमलं ते घरगुती नावांत. राहेल म्हणजे मेंढी, दबोरा म्हणजे मधमाशी, अखबोर म्हणजे उंदीर. तोला म्हणजे किडा, आणि या किड्याने इस्राएलात २३ वर्षं न्यायनिवाडा केला. सगळ्यांत माझा लाडका परोश. परोश म्हणजे पिसू. बाबेलच्या बंदिवासातून यहुदी लोक मायदेशी परतले तेव्हा घराण्यांची मोजदाद झाली. 'एज्रा'च्या दुसऱ्या अध्यायात ती आहे. परोशाचे वंशज, २,१७२. डोक्यावर बोचकी घेतलेली इतकी माणसं "कुणाचे?" म्हटल्यावर "पिसूचे" असं सांगत रांगेतून पुढे सरकताहेत!

हसलो खरा, पण मला आजीचे भाऊ आठवले, केरबामामा. त्यांच्या आधीची तीन मुलं गेली होती. म्हणून यांना जन्मल्या जन्मल्या केराच्या ढिगावर ठेवलं आणि शेजारणीने 'सापडलं' म्हणून उचलून आणलं. आजी म्हणायची, "चांगलं नाव ठेवलं की नजर पडते बाबा." केरबामामा ८८ वर्षं जगले.

त्याच एज्राच्या यादीत, मंदिराच्या सेवकांमध्ये, बकबुकाचे वंशज आहेत. बकबुक म्हणजे अरुंद तोंडाचा मातीचा बुधला. ओतताना तो जो आवाज करतो तेच त्याचं नाव. आपली घागर बुडबुडते, त्यांचा बुधला बकबुकतो. आजच्या हिब्रूतही बाटलीला हाच शब्द आहे. या मूळपुरुषाला बकबुक का म्हणाले असतील? पोट सुटलेलं? की बोलायला लागला की थांबत नसे? मला दुसरं पटतं, पण ते मराठी कानामुळे.

या याद्यांत मधूनच लिहिणाऱ्याचा हात थांबतो. सलग नावं चालली आहेत, अमक्याला तमका झाला, आणि अचानक दोन वाक्यं. यहूदाच्या वंशात असाच याबेस येतो. त्याच्या आईने "मी याला वेदनेत जन्म दिला" म्हणून हे नाव ठेवलं. वेदनेला हिब्रूत ओत्सेव. ब आणि व तिथे एकाच अक्षराने लिहितात. ओत्सेवमधली शेवटची दोन अक्षरं आईने उलटवली आणि याबेस केलं. हिंस धातूची अक्षरं उलटून सिंह झाला, असं आपले जुने वैयाकरण सांगत, तशातली गत. बाळंतिणीच्या खाटेवर कोण वर्णविपर्यय करत बसतं, असं कुणी विचारील. पण पुढे हाच मुलगा देवाला विनवतो, की माझी सीमा वाढव, तुझा हात माझ्यावर राहू दे, आणि मला वेदना होऊ नयेत असं कर. तिथे तोच शब्द पुन्हा येतो. देवाने मागितलं ते दिलं, एवढं सांगून यादी लगेच पुढे, कुणा कलूबाकडे. मला खटकलं ते वेगळंच. याबेसाच्या बापाचं नावच नाही. बापांच्या यादीत घुसलेला हा एकटा आईचा मुलगा.

अनाचं नशीब इतकं थोर नाही. हा 'उत्पत्ती'च्या ३६व्या अध्यायातला. बाप सिबोन याची गाढवं रानात चारताना याला 'येमीम' सापडले. हा शब्द सबंध हिब्रू बायबलात एकदाच आला आहे. बायबल लॅटिनमध्ये आणणाऱ्या संत जेरोमने गरम पाणी असा अर्थ घेतला. यहुदी परंपरेने खेचरं म्हटलं, म्हणजे अनाने घोडा-गाढवाची जात मिसळून पाहिली. १६११च्या इंग्रजी भाषांतरातही खेचरंच आहेत. मी गरम पाण्याच्या बाजूचा. कोकणात उन्हवऱ्याला मी एका गुराख्याला त्या झऱ्यात पाय सोडून, डोळे मिटून बसलेला पाहिलाय. अनाही असाच बसला असेल, गाढवं इकडेतिकडे पांगलेली आणि घरी गेल्यावर बापाच्या शिव्या. हजारो वर्षांनंतर माणसाच्या नावापुढे हेच उरावं, बापाची गाढवं आणि कोमट पाय.

आणि शेरा. एफ्राइमचे दोन मुलगे गथ गावच्या लोकांची गुरं पळवायला गेले आणि मारले गेले. बापाने पुष्कळ दिवस शोक केला. मग आणखी एक मुलगा झाला, त्याचं नाव बरीया, कारण घरावर अरिष्ट आलं होतं. लगेच पुढच्या ओळीत: त्याची मुलगी शेरा, जिने खालचं बेथ-होरोन, वरचं बेथ-होरोन आणि उज्जेन-शेरा ही गावं वसवली. बस. बाई गावं वसवते, तीही तीन, आणि लिहिणाऱ्याला त्याचं नवल नाही. तिच्या नावाच्या अक्षरांत 'उरणे' हा अर्थही आहे आणि 'रक्ताचं नातं' हाही. ज्या घरातून दोन तिरड्या उठल्या तिथे उरलेली. यरुशलेमच्या वायव्येला डोंगरवाटेवर आजही दोन पॅलेस्टिनी गावं आहेत, बेत उर अल-फौका आणि बेत उर अल-तहता, वरचं आणि खालचं. आपल्या खुर्द आणि बुद्रुकसारखी.

बायकांचंच निघालं म्हणून होग्ला. सलाफहादाला मुलगा नव्हता, पाच मुली होत्या: महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. बापाची जमीन आम्हाला द्या, म्हणून त्या मोशेपुढे उभ्या राहिल्या आणि हक्क मिळवून परतल्या. होग्ला म्हणजे तितर. १९१० साली शोमरोनच्या, म्हणजे इस्राएलच्या उत्तरेकडच्या राज्याच्या जुन्या राजधानीच्या, उत्खननात शाईने लिहिलेली खापरं मिळाली, इसवी सनापूर्वी आठव्या शतकातली. सरकारी हिशेब: कुठल्या वर्षी, कुठून, जुन्या द्राक्षारसाचा घडा की तेलाचा. त्यांत गावा-टापूंच्या नावांत नोआ आहे आणि होग्लाही आहे. तितराच्या नावाने मद्याचा घडा जमा झाल्याची पावती!

आपल्याकडच्या बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांची, गोष्ट याच्या अगदी उलटी. नवगावच्या किनाऱ्याशी जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, असं ते सांगत आले. त्या चौदांपैकी एकाचंही नाव शिल्लक नाही. पुढच्या पिढ्या कोकणात तेलाचे घाणे चालवत राहिल्या, शनिवारी घाणा बंद म्हणून शनवार तेली म्हणवल्या. नऊ अध्यायांचं काम त्यांनी एका 'कर'वर भागवलं: पेणकर, रोहेकर, नवगावकर. शमुवेलचा सामाजी झाला, यहेज्केलचा हसाजी. सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत बेने इस्राएलांचं पहिलं प्रार्थनास्थळ बांधलं, शाआर हारहामीम, दयेचं दार. कोकणी यहुदी त्याला मशीदच म्हणत. मस्जिद स्टेशनचं नाव त्यावरून पडलं, असंही सांगतात. ज्या रस्त्यावर ते आहे तो सॅम्युएल स्ट्रीट.

मी मध्यंतरी मुद्दाम गेलो होतो. भर दुपारची वेळ, हातगाड्यांची दाटी, पोत्यांचा वास. रस्त्याच्या नावाची पाटी सापडेपर्यंत मी दुकानांच्या पाट्या वाचत उभा राहिलो, आणि सन्स, आणि ब्रदर्स, आणि कंपनी. मागून डोक्यावर खोकं घेतलेला हमाल ओरडला, "ओ शेठ, वाचनालय तिकडं हाय, बाजूला व्हा."