तुम्ही विचारलंत म्हणून : टीव्हीवरच्या इन्स्पेक्टरबाई

सीवूड्सच्या आमच्या सोसायटीत मला नावाने कोणी हाक मारत नाही. पोलीस खात्यातून निवृत्त झाले तरी मी 'मॅडम'च. शनिवारी रात्री कुठल्याशा चॅनेलवर इन्स्पेक्टरबाईचा थ्रिलर लागला, की रविवारी सकाळी लिफ्टमध्ये नाहीतर भाजीवाल्यापाशी कोणीतरी गाठतंच : "मॅडम, खरंच असं असतं का हो?"

मी "छे हो" म्हणते आणि मेथीची जुडी उलटीसुलटी करून बघायला लागते. आज जरा सविस्तर सांगते.

आधी कबूल करते, मी ते सगळं बघते आणि आवडीने बघते. परवाच्या चित्रपटात बाईंनी रात्री दोन वाजता एका टॉवरमधून संशयित बाईला सरळ उचललं, तेव्हा मी सोफ्यावरून ओरडले, "अगं, मॅजिस्ट्रेटची परवानगी?" सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करायची तर तसंच अपवादात्मक कारण लागतं, शिवाय महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यायची असते. 2006 पासूनचा नियम आहे, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेऐवजी आलेल्या नव्या कायद्यातही आहे. सुनेने माझ्या हातातला रिमोट काढून घेतला. शेवटी आरोपी ठाण्यात घडाघडा बोलला आणि चित्रपट संपला. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात त्याच्याविरुद्ध चालत नाही, हे मी मग मनातच म्हटलं.

पण या चुका मी सोडून देते. टीव्हीसाठीच बनवलेल्या चित्रपटाला दर थोड्या वेळाने जाहिरातींसाठी थांबायचं असतं. माणसाने चॅनेल बदलू नये म्हणून ब्रेकच्या तोंडावर फोन वाजायलाच हवा, नाहीतर दुसरं मयत सापडायला हवं. व्हिसेराच्या, म्हणजे मयताच्या अवयवांच्या तपासणीच्या, अहवालाची वाट बघत स्टेशन डायरी भरणारी बाई कोण बघणार?

मला खटकतं ते निराळंच. तिला केस मिळते! पहिल्या पाच मिनिटांत साहेब फाइल पुढे सरकवतात, "ही केस तुम्ही बघा," आणि बाई गाडीत बसतात.

हे एकाच ठिकाणी मला पटलं. भाचीने लॅपटॉपवर 'प्राइम सस्पेक्ट' दाखवलं, ब्रिटिश टीव्हीवर 1991 साली आलेलं. त्यात हेलन मिरेनने साकारलेली पोलीस अधिकारी जेन टेनिसन केसवर हक्क असूनही डावललेली असते. तपास करणारा अधिकारी हृदयविकाराने जातो, तेव्हा कुठे तिच्याकडे केस येते, तीही तिने मागितल्यावर. आणि खालची माणसं तोंडं वाकडी करून बसलेली. भाचीला वाटलं मी खुनी ओळखला म्हणून हसतेय.

आमच्याकडे दूरदर्शनवर 1989 साली पोलीस अधिकारी होणाऱ्या मुलीची 'उडान' ही मालिका होतीच. कविता चौधरींनी ती लिहिली, दिग्दर्शित केली आणि मुख्य भूमिकाही केली. त्यांच्या बहिणीवरून सुचलेली गोष्ट. त्या बहीण, कांचन चौधरी भट्टाचार्य, 2004 मध्ये उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या, देशातल्या पहिल्या महिला. 'उडान' बघून फॉर्म भरणाऱ्यांत मीही होते.

भरती झाल्यावर माझ्या वाट्याला जे वाक्य आलं ते असं : "लेडीज पाहिजे." झडती घ्यायचीय, लेडीज पाहिजे. मुलीचा जबाब आहे, लेडीज पाहिजे. मोर्च्यात बायका रस्त्यावर बसल्यात, लेडीज पाठवा. बाईची झडती बाईनेच घ्यावी हा कायदाच आहे आणि योग्यच आहे. पण काम उरकलं, की "थँक्यू मॅडम". तपास दुसऱ्याच्या नावावर.

एकदा पहाटे असाच फोन आला. ऐरोलीकडे खाडीत, तिवरांत अडकलेलं एका बाईचं मयत कोळ्यांना दिसलं होतं. मी पोचले तेव्हा हवालदार इन्क्वेस्ट पंचनामा, म्हणजे मयत कुठल्या अवस्थेत मिळालं त्याची लेखी नोंद, जवळजवळ लिहून मोकळे झाले होते. दोन पंच, चहाच्या टपरीवरून आणलेले, नाकाला रुमाल लावून भलतीकडे बघत उभे. भरती चढत होती आणि सगळ्यांना घाई होती. कागदावर होतं, 'दोन्ही हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या'.

मी चिखलात बसून मोजल्या. डाव्या हातात 7, उजव्या हातात 4. उजव्या मनगटावर बारीक चिरा.

"मॅडम, बांगड्या त्या बांगड्या," हवालदार म्हणाले.

"कुठली बाई एका हातात सात आणि दुसऱ्यात चार भरते हो?" त्यांनी सुस्कारा सोडला आणि आकडे घातले. पाणी बुटात शिरलं होतं.

पुढे एका खोलीत कॉटखाली हिरव्या काचेचे तुकडे मिळाले. ते मी पाहिले नाहीत, मला नंतर कळलं.

पाच वर्षांनी ठाण्याला कोर्टनाक्यावर साक्षीला बोलावणं आलं. बचाव पक्षाच्या वकिलांनी चष्मा सारखा करून विचारलं, "बांगड्या किती होत्या, आठवतं?" मी म्हटलं, "डाव्या हातात सात, उजव्यात चार. पंचनाम्यात आहे." त्यांनी पान उलटलं, वाचलं आणि दुसराच प्रश्न काढला.

बाहेर आल्यावर तपास अधिकाऱ्यांनी मला चहा पाजला. "बरं झालं तुम्ही मोजल्यात," म्हणाले. मग त्यांना वार्ताहरांशी बोलायचं होतं, आणि मला साडेबाराची लोकल पकडायची होती. वाशीला कुठलीशी झडती होती, लेडीज पाहिजे होती.