अकरा वह्या, एकच चूक

यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी असलेल्या एका महाविद्यालयात मी अर्थशास्त्र शिकवतो. गेल्या हिवाळी सत्रात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचे गृहकार्य तपासताना मागणीच्या लवचिकतेचा भागाकार उलटा मांडलेला दिसला, म्हणजे मागणीतील शेकडा बदलाला किमतीतील शेकडा बदलाने भागायचे सोडून नेमके उलट केलेले, आणि तेही एकूण अकरा वह्यांमध्ये, त्याच ओळीवर. बरोबर उत्तर अकरा जणांचे सारखे येऊ शकते. चूक इतकी सारखी येत नाही.

परीक्षेत कॉपी सापडली की पुढची वाट ठरलेली असते. पर्यवेक्षक चिठ्ठी व उत्तरपत्रिका ताब्यात घेतो, जबाब लिहून घेतला जातो आणि केंद्राधिकाऱ्यांमार्फत प्रकरण विद्यापीठाच्या समितीसमोर जाते. महाराष्ट्रात परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध स्वतंत्र कायदाच 1982 पासून आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांत वाङ्मयचौर्याची उतरंडही आखून दिली आहे: 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, 60 टक्क्यांपुढे गेल्यास प्रबंध सादर करणाऱ्याची नोंदणी रद्द. परंतु शाईने लिहिलेल्या, दहा गुणांच्या गृहकार्याचे साम्य कोणतेही सॉफ्टवेअर मोजत नाही. तेथे भरारी पथक येत नाही आणि निर्णय सर्वस्वी शिक्षकावर येऊन पडतो.

मूळ वही वर्गातील सर्वांत अभ्यासू मुलीची निघाली. तिला बोलावले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "सर, मांगतली तं नाही कसं म्हनू?" शेजारणीला विरजण द्यावे तशी तिने वही दिली होती. उतरवून घेणाऱ्या दहांपैकी सहा जण दिवाळीपासून कापूस वेचायला जात होते, कारण वेचणीचे पैसे किलोवर मिळतात आणि तासाला बसल्याचे कोणी देत नाही. हे कारण खरे होते. तरीही कारण खरे असल्याने उत्तर त्यांचे होत नाही, असे माझे मत आहे आणि ते मी वर्गात बोलून दाखवले. दहा जणांना शून्य दिले. मुलीचे गुण ठेवले, अर्थात चुकीचे कापून. देणाराही तितकाच दोषी, असे एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सुनावले. नियमाच्या अंगाने त्यांचे बरोबर असेल, पण मला ते अजून पटलेले नाही.

मात्र माझीही एक चूक होती. तोच प्रश्न मी सलग चार वर्षे देत आलो होतो, आणि त्याचे उत्तर झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळत होते.

फेरसंधी म्हणून अकराही जणांना नवा प्रश्न दिला: आपल्या घरच्या एका एकर कपाशीचा बियाण्यापासून वेचणीपर्यंतचा खर्च आणि हाती आलेली रक्कम मांडा, आणि ती मांडणी वर्गासमोर उभे राहून समजावून सांगा. एकाने कोरडवाहू शेतात एकरी वीस क्विंटल कापूस पिकवला. मी तोंड उघडण्याआधीच मागच्या बाकावरून हशा उठला आणि तो पठ्ठ्या स्वतःच आकडा खोडू लागला. दुसऱ्याने कृषी केंद्रातील उधारीची वहीच आणली, ज्यात फवारणीचे औषध दोनदा चढवलेले सापडले. ते वडिलांना दाखवायला तो त्याच दिवशी घरी गेला.

एक विद्यार्थी भूमिहीन कुटुंबातला होता, हे प्रश्न देताना माझ्या ध्यानातच आले नाही. त्याने मजुराच्या बाजूने हिशेब लिहिला: दिवसाला किती किलो वेचले, दर काय मिळाला, ऑटोचे भाडे किती गेले, आणि शेवटच्या वेचणीला बोंडे विरळ झाल्यावर तोच दर का परवडत नाही. लवचिकतेचा भागाकार त्यात कोठेही नव्हता. दहापैकी किती द्यावेत याचा विचार करीत मी ती वही दोन दिवस टेबलावर ठेवली आणि शेवटी आठ दिले.