पाडू कसं दिलंत?

आधी तो चहा बाजूला ठेवू. टिळक-रानडे ज्या चहापानाला गेले, ज्यावरून ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचा वाद, झालं आणि पुढे प्रायश्चित्तं घ्यावी लागली, ते ऑक्टोबर १८९० मध्ये गुरुवार पेठेत, पंचहौद मिशनमध्ये झालं. आमच्या कॅम्पातल्या पाळकगृहात नाही. पुण्यात ख्रिस्ती माणसाचं जुनं घर म्हटलं की कपबशी निघतेच, म्हणून सांगून टाकलं.

आता तुमचा खरा प्रश्न. लग्नात, दवाखान्याच्या बाकड्यावर, परवा तर रिक्षात: "एवढं सुंदर घर, पाडू कसं दिलंत?"

वीस वर्षं मी एकच सांगत आले. घर आमचं नव्हतंच. पाळकाचं, म्हणजे पाद्र्याचं, घर मंडळीचं (चर्चच्या सभासदांचं), जागा ट्रस्टची, बदलीचं पत्र आलं की महिन्याभरात ट्रंका भरायच्या. शिवाय ते बांधलेलं मिशनरी साहेबासाठी. स्वयंपाकघर मागे तीस पावलांवर, धूर आणि फोडणीचा वास साहेबापर्यंत येऊ नये म्हणून. देशी पाळक त्याच्याही मागच्या दोन खोल्यांत. साहेब गेले, बंगला आमच्याकडे आला, डागडुजीचा पैसा मात्र त्यांच्याबरोबरच गेला. मम्मी पावसात पातेल्यावर ताट धरून आमटी आणायची. सुंदर म्हणणाऱ्यांनी ती आमटी खाल्लेली नाही.

हे सगळं खरं आहे आणि ते मी भिंतीचं बोलायला नको म्हणून सांगते.

पप्पांच्या अभ्यासाच्या खोलीची पश्चिमेची भिंत दर पावसाळ्यात ओल धरायची. दोन फूट जाड, खाली काळा दगड, वर वीट, सगळं चुन्यातलं. कमरेपर्यंत लोणा लागलेला. उपदेशाच्या वह्यांना बुरशी यायची आणि पप्पांना दमा. १९९७ मध्ये मला नोकरी लागली, दिवाळीचा बोनस मिळाला, मी गवंडी बोलावला. म्हातारा होता. त्याने नखाने भिंत खरवडली, भुगा जिभेला लावून बघितला आणि म्हणाला, "बाई, हितं सिमिट नको. चुनाच लावा. पोपडं येतील, पडू द्या, परत लावू. सिमिट लावलं तर पाणी आत कोंडंल आन् वर चढंल." किती दिवस लागतील? चुना भिजवायचा, मुरवायचा, पातळ थर देत जायचं, दीड-दोन महिने. मला नाताळच्या आत भिंत हवी होती. मी दुसरा माणूस बघितला. चार दिवसांत गुळगुळीत सिमेंट, वर पोपटी ऑइलपेंट.

पाच पावसाळे ती भिंत कोरडी होती. हेही कुणीतरी लक्षात घ्या.

२००३ चा जुलै, शनिवारची रात्र. पप्पा रविवारचा उपदेश लिहीत होते, मी दूध घेऊन दारात. सुपारी फुटल्यासारखा आवाज झाला आणि छताखालून परातीएवढा प्लास्टरचा तुकडा टेबलाच्या कडेवर पडला. पप्पा खुर्चीवर चढले. तुळई भिंतीत शिरते तिथे त्यांनी बोट लावलं. बोट आत गेलं. सागवानात, दुसऱ्या पेरापर्यंत. बाहेर काढलं तर त्याला तपकिरीसारखी ओली पूड. ती त्यांनी मला दाखवली नाही, सदऱ्याला पुसली. एवढंच म्हणाले, "लेवीय चौदा."

बायबलातल्या लेवीय पुस्तकाचा चौदावा अध्याय: घराच्या भिंतीवर हिरवट किंवा तांबूस चट्टा दिसला तर याजकाने येऊन बघायचं, घर सात दिवस बंद ठेवायचं. चट्टा पसरला तर तेवढे दगड काढून, भिंत खरवडून नवा गिलावा करायचा. तरीही तो उलटला, तर दगड, लाकूड, चुना, सगळं गावाबाहेर नेऊन टाकायचं. पप्पा विनोद करत होते असं मी धरून चालले आहे. टेबल जेवणघरात ओढून त्यांनी उरलेला उपदेश तिथे पुरा केला. दूध तसंच राहिलं.

कमिटीने इंजिनिअर आणला, त्याने राहण्यास अयोग्य असं लिहून दिलं. मी बैठकीला गेले नाही. गेले असते तर कुणीतरी विचारलंच असतं, हे प्लास्टर कुणी केलं?

तेव्हाच्या त्या पोरीला मी मनात पुष्कळ झापते. ती उलट विचारते, वह्या सडत होत्या, पप्पा रात्रभर खोकत बसायचे, तू काय दोन महिने थांबली असतीस? मी थांबले नसते. आजही नाही, बहुतेक.

पाडताना मात्र गेले होते. त्या खोलीला तुळया तीन, टोकं सहा. सिमेंटच्या बाजूची तिन्ही गेलेली. समोरच्या भिंतीला मी हात लावला नव्हता. तिथली दोन टोकं इतकी टणक की करवतीचं पातं बदलावं लागलं. तिसरं भुसा. त्याच्या बरोबर वर पन्हळ गळायची, आम्ही राहायला यायच्या आधीपासून. पण पन्हळ तर पश्चिमेलाही गळायचीच. मग? कंत्राटदाराला विचारलं, तो कौलं मोजत होता. बासेल मिशनच्या छापाची, मिशनऱ्यांनीच १८६५ मध्ये मंगळूरला काढलेल्या कारखान्यातली. त्यांना भाव होता. म्हणाला, "ताई, जुनं घर आहे, चालायचंच."

फोटो मागता ना? आतला एकच धड आलाय, १९९७ च्या नाताळातला. पोपटी भिंत अशी चकचकीत की फ्लॅश उमटलाय. मी तिच्यावर तळवा टेकवून उभी आहे, कोरडी आहे हे दाखवायला.