शुगर आटोक्यात येत नाही? हिरड्याही तपासून घ्या

शुगर वाढली की इंदूरच्या घरात पहिली कुऱ्हाड पोह्यांसोबतच्या जिलेबीवर पडते. मग सेव कमी होते, चहा बिनसाखरेचा होतो, सकाळचं फिरणं सुरू होतं. सगळं योग्यच आहे. पण ब्रश करताना रोज थोडं रक्त येतं, त्याचा शुगरशी संबंध असेल हे कुणाच्या मनातही येत नाही. संबंध आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी आहे.

दात आणि हिरडीच्या मध्ये एक बारीक खाच असते, निरोगी तोंडात १ ते ३ मिमी खोल. तिथला चिकट थर रोज निघाला नाही, तर लाळेतल्या क्षारांमुळे काही दिवसांतच तो कडक होऊ लागतो. तेच किटण. त्याच्या खरबरीत अंगावर नवे जंतू बसतात, हिरडी सुजते, दातापासून सुटते आणि खाचेचा खोल कप्पा होतो. ४-५ मिमी खोल कप्प्याच्या तळाशी कुठलाच ब्रश पोचत नाही. बऱ्याच दातांभोवती असे कप्पे असतील, तर आतला सुजलेला, सोललेला भाग एकूण ८ ते २० चौरस सेंमी भरू शकतो. एवढी जखम पायाला असती तर मधुमेही माणूस त्याच दिवशी दवाखान्यात गेला असता. इथे दुखत नाही, म्हणून वर्षं निघून जातात.

या सुजेतून तयार होणारी रसायनं रक्तात उतरतात आणि इन्सुलिनचं काम अडवतात. उलट बाजूने, वाढलेली शुगर हिरडीची जंतूंशी लढण्याची आणि भरून येण्याची ताकद कमी करते. हिरड्यांचे नीट उपचार झाले, तर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली शुगर एकूण कशी राहिली हे टक्क्यांत सांगणारी रक्ततपासणी) सरासरी ०.४ ने उतरतं. औषधाच्या जागी हे नाही, औषधासोबत आहे, पण ०.४ म्हणजे थोडं नव्हे.

तंबाखू, गुटखा किंवा सिगारेट असेल तर 'माझ्या हिरड्यांतून रक्त येत नाही' यावर विसंबू नका. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात, रक्त दिसत नाही, आत हाड मात्र झिजत राहतं.

तपासणीत डॉक्टर मिमीच्या खुणा असलेली बोथट सळई प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हलकेच घालून खोली मोजतात. आपले आकडे विचारून घ्या. किटण काढल्यावर (स्केलिंग) खोल कप्प्यांत मुळंही साफ करावी लागतात, तीही जागा बधिर करून. दीड ते तीन महिन्यांनी पुन्हा मोजणी, आणि मधुमेह असेल तर पुढे दर तीन-चार महिन्यांनी सफाई. खासगी खर्च झेपत नसेल तर इंदूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवा, पण टाळू नका.

'सफाईने दात हलतात' ही समजूत फार नुकसान करते. हाड आधीच झिजलेलं असतं. किटण सिमेंटसारखं दातांना जखडून ठेवतं, म्हणून ते कळत नाही. किटण निघालं की फटी दिसतात, गार पाणी काही आठवडे झोंबतं. दात सफाईने सैल झाला नाही, सफाईला उशीर झाला म्हणून झाला.

जाताना उपाशी जाऊ नका. नाश्ता करून, नेहमीची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन सकाळची वेळ घ्या, ताजा रिपोर्ट न्या. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नका, फक्त सांगा. रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन चालू असून हिरड्या वाढत असतील तर तेही सांगा. काहींना या औषधाने तसं होतं आणि फिजिशियन औषध बदलून देऊ शकतात. हृदयात कृत्रिम झडप असेल, तर सफाईआधी अर्धा ते एक तास अँटिबायोटिक लागतं, कारण तोंडातले जंतू रक्तातून जाऊन झडपेवर बसू शकतात.

घरी मऊ ब्रश, फ्लोराइडची पेस्ट. ब्रशचे केस हिरडीच्या कडेवर ४५ अंशांत तिरपे टेकवा आणि जागच्या जागी हलकेच थरथरवा; आडवं खसाखसा घासल्याने दाताची मान झिजते. दोन मिनिटं, दोन वेळा. त्यातली रात्रीची वेळ चुकवू नका, कारण झोपेत लाळ फार कमी होते. सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीतून उशिरा घरी आलात तरी. फटींत बसेल त्या मापाचा छोटा इंटरडेंटल ब्रश रोज एकदा फिरवा. सुरुवातीला रक्त येईल, थांबू नका. दोन आठवड्यांनंतरही येत राहिलं, तर घरच्या सफाईने भागणार नाही, कप्पे मोजून घ्या.

घरात अंथरुणाला खिळलेले आजी-आजोबा असतील तर त्यांचं तोंड आधी. तोंडातले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. त्यांना थोडं उठवून बसवा, ब्रश अगदी कमी पाण्यात करा, मान पुढे झुकवून थुंकायला लावा. कवळी रात्री काढून साध्या साबणाने घासा आणि पाण्यात बुडवून ठेवा. पेस्टने घासू नका, चरे पडतात आणि त्यांतच बुरशी धरते.